किती वाजता जाणार आहात?

ठाण्यात चांगलं खायला कुठे मिळतं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, किती वाजता जाणार? समोरच्याला वाटतं, ही टाळतेय. पुण्याहून येणारा भाचा तर वैतागतो. ‘मावशी, तू फक्त नाव सांग, मी मॅपवर टाकतो.’ नाव सांगते मी, पण नुसत्या नावाने भागत नाही. सकाळी दहाला जिथलं खाणं डोक्यावर घेऊन नाचावंसं वाटतं, तिथेच दुपारी चारला गेलात तर म्हणाल, हे काय सांगितलं हिने! आचारी तोच, पातेलं तेच, भावही तोच. फक्त वेळ चुकलेली.

मी लहानाची मोठी झाले चरईत. नोकरीची सगळी वर्षं ठाणे ते व्हीटी लोकलने काढली. आता राहते घोडबंदर रोडला, जिथून जुन्या ठाण्यात यायचं तर आधी मनाची तयारी करावी लागते आणि मग रिक्षावाल्याच्या मनाची. त्यामुळे माझं जे काही खाण्याचं ज्ञान आहे ते एवढ्याच टापूतलं. रेटिंगचे तारे मीही बघते. पण तारे देणारा किती वाजता जेवायला गेला होता, ते कुठे लिहिलेलं नसतं, आणि मला नेमकं तेच हवं असतं.

बाहेरची माणसं ठाणं म्हटलं की आधी मामलेदार मिसळ विचारतात, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. मामलेदार कचेरीच्या कँटीनमधून ही मिसळ नावारूपाला आली. स्टेशनपासून चालत जाता येतं. मात्र ती समजून घ्यायची तर आधी जुना ठाणे जिल्हा डोळ्यांपुढे आणायला हवा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरीच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणचं काम म्हणजे ठाणंच. पहाटेची एसटी पकडून निघायचं आणि इथे येऊन कोर्ट, कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद अशा चकरा मारायच्या. साहेब काही अकराच्या आत खुर्चीत दिसायचे नाहीत. पोट रिकामं, खिशात बेताचे पैसे, आणि रांगेत किती तास जाणार याचा भरवसा नाही. अशा माणसाला नाजूक खाणं काय कामाचं? त्याला हवं झणझणीत, स्वस्त, आणि चार पाव रिचवले की संध्याकाळपर्यंत आठवण न येणारं. मला ती मिसळ कायम त्या माणसाची वाटत आली आहे. म्हणून ती त्याच्याच वेळेला खावी. कचेऱ्या उघडायच्या सुमारास.

बाबा आम्हाला मिसळ खायला म्हणून कधी घेऊन गेल्याचं आठवत नाही. तेव्हा ‘खायला जाणं’ हा कार्यक्रमच नव्हता. रेशनकार्डाचं काम असायचं, उत्पन्नाचा दाखला काढायचा असायचा, आणि काम झालं किंवा नाही झालं तरी मिसळ व्हायची. काम झालं नाही तर जरा जास्तच तिखट मागायचे.

कुठलीही मिसळ समोर आली की तिच्यावर रस्सा पडल्यापासूनची पहिली दोन-तीन मिनिटं महत्त्वाची. खाली उसळ, वर फरसाण, त्यावर पळीने ओतलेली लालभडक तर्री. फरसाणाची खालची बाजू भिजून मऊ पडलेली, वरची अजून कुरकुरीत, कांद्याचा एखादा कच्चा तुकडा दाताखाली आलेला. हे फार वेळ टिकत नाही. फोटो काढणारे इथेच हरतात. पहिल्या घासाला काहीच कळत नाही, उगाच नाव आहे असं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला कानशिलं तापतात, मग नाक वाहायला लागतं, आणि समोर बसलेला अनोळखी माणूसही नाक पुसत असल्यामुळे कुणाला कुणाची लाज वाटत नाही. पहिल्यांदा जात असाल तर मध्यमच मागा. पराक्रम गाजवायला आयुष्य पडलं आहे. आणि झोंबली तर पाण्याचे ग्लास ढोसू नका. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने ते फक्त तोंडभर पसरतं. ताक प्या.

दुपारनंतर मिसळ खाऊ नये, हे माझं ठाम मत आहे आणि ते कुठल्या एका हॉटेलाबद्दल नाही. मंद आचेवर तासन्‌तास ठेवलेला रस्सा आटतो. आटला की त्यात पाणी पडतं, पाणी पडलं की चव सावरायला तिखट-मीठ पडतं. उसळीचे दाणे फुटून लगदा होतो. सकाळी वर तरंगणारी तर्री पळीपळीने निघून गेलेली असते, खाली राहतो तो नुसता तिखट काढा. नाशिककर, कोल्हापूरकर, पुणेकर आपापल्या मिसळीवरून भांडतात तेव्हा मला वाटतं, हे सगळे एकमेकांची दुपारची मिसळ खाऊन आले असावेत.

सकाळ कचेरीची, तर ठाण्याची संध्याकाळ स्टेशनची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथे येऊन थांबली, आणि तेव्हापासून या गावाने तोंड स्टेशनकडे केलं ते केलंच. संध्याकाळी सातनंतर तिथे उभं राहून बघा. बायकांच्या डब्यातून उतरलेली बाई. तिने भायखळा ते मुलुंड मेथी निवडून पिशवीत भरलेली आहे. घरी गेल्या गेल्या कुकर चढवायचा आहे, मुलाची वही बघायची आहे, सासऱ्यांच्या गोळ्या आणायच्या आहेत. स्टेशन आणि घर यांच्या मध्ये तिची स्वतःची अशी दहा मिनिटं आहेत, आणि त्या दहा मिनिटांत ती एक वडापाव खाते. उभ्याने, पर्स काखेत दाबून, मेथीची पिशवी दोन पायांच्या मध्ये धरून. घरी गेल्यावर ‘तू नाही बसत जेवायला?’ असं कुणी विचारलं तर ‘भूकच नाही गं फारशी’ म्हणायचं. ठाण्यातल्या निम्म्या बायकांनी हे केलेलं आहे आणि उरलेल्या निम्म्या ते कबूल करत नाहीत.

कुंजविहारचा जम्बो वडा एकटीला जडच, आम्ही मैत्रिणी तो दोघींत घ्यायचो आणि वर लस्सी घ्यावी की नाही यावर चर्चा करून शेवटी घ्यायचोच. नौपाड्यात विष्णुनगरला गजाननचा वडापाव आहे. तिथे नाव आहे ते पिवळ्या चटणीचं. बेसनाची, पातळसर. लसणाच्या कोरड्या लाल चटणीवर वाढलेल्या माणसाला ती आधी चटणीच वाटत नाही, आणि मग तो वडा सोडून चटणीच मागत बसतो. यातला कुठला चांगला, असं मला विचारू नका. ठाण्यात यावरून सोयरिकी मोडू शकतात.

वड्याच्या बाबतीत एकच गोष्ट बघायची, घाणा. संध्याकाळी गर्दीच्या वेळी कढईला उसंत नसते. घाणा निघतो, टोपल्यात पडतो, पडल्या पडल्या संपतो. वड्याचं आवरण तेव्हा पातळ आणि कडक असतं, आत बटाटा जीभ भाजेल इतका गरम असतो, आणि पाव त्या वाफेने आतून किंचित ओलावतो. तोच वडा काचेच्या कपाटात अर्धा तास बसला की बटाट्याची वाफ आवरणात शिरते आणि वर तेल सुटतं. म्हणून कपाटात वडे रचलेले दिसले तर सरळ सांगायचं, ‘पुढच्या घाण्यातला द्या, थांबते मी.’ देणारा आधी तुमच्याकडे वर बघतो, मग पुढच्या वेळेपासून न सांगता थांबवून ठेवतो. मीठ लावलेली तळलेली मिरची मागून घ्यायला विसरू नका.

आता दुपार. दुपारी साडेतीन ते पाच या वेळेत खाण्यासारखी जागा म्हणजे उडुप्याचं हॉटेल. मुंबईत या हॉटेलांची परंपरा जुनी आहे, माटुंग्याचं रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. ठाण्यात नाक्यानाक्यावर कुणी ना कुणी अण्णा गल्ल्यावर बसलेला आहे. माझ्या लहानपणी यातल्या बऱ्याच हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ असायची. फॅमिली म्हणजे बायका. मागच्या बाजूला फळीचा आडोसा, झुलती अर्धी दारं नाहीतर मेणचट पडदा, आत दोन टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. राम मारुती रोडवर खरेदी झाली की आई मला तिथे न्यायची. एक मसाला डोसा, दोन बश्या. सांबार पुन्हा, चटणी पुन्हा, आणि शेवटी एक कॉफी दोघींत. बाहेरच्या टेबलांवर वारा यायचा, रस्ता दिसायचा. मी तिथे बसायचा हट्ट धरला की आई म्हणायची, ‘बाहेर बसायला आपण काय पुरुष आहोत?’ आणि यात काही बोचणारं आहे असं तिच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

ते आडोसे गेले. पण भर दुपारी एक वाजता बाई एकटी जेवायला शिरली तर वेटर अजूनही ‘किती जण?’ विचारतो आणि ‘एकच’ म्हटलं की नजरेने हॉल धुंडाळून तिला बेसिनशेजारी बसवतो. त्याचा दोष नाही, जेवणाच्या वेळेला चार खुर्च्यांचं टेबल एका थाळीवर अडकवणं त्याला परवडत नाही. साडेतीनला मात्र हेच हॉटेल वेगळं असतं. खिडकीजवळचं टेबल तुमचं. इडली सावकाश येते, कॉफी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतत तासभर रेंगाळलात तरी बडीशेपेसकट बिलाची बशी तुमच्या पुढ्यात कुणी आदळत नाही.

आणखी एक गंमत या वेळेला दिसते. कोपऱ्यातल्या टेबलावर वेटर, पोऱ्या, डोसेवाला, सगळे जेवायला बसलेले असतात. त्यांच्या ताटात काय आहे ते हळूच बघून घ्यावं. तुम्हाला वाढलेलं सांबार तेच त्यांच्या भातावर असेल तर त्या हॉटेलात निर्धास्त खावं. त्यांनी स्वतःसाठी वेगळं काही रांधलं असेल तर त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा. मी तरी चहा पिऊन उठते.

घड्याळाइतकीच तिथीही बघावी लागते. साबुदाण्याची खिचडी आणि साबुदाणावडा हॉटेलात खायचा तर एकादशीला किंवा संकष्टीला. अर्धं गाव उपाशी असतं त्या दिवशी उपासाचं खाणं सगळ्यात ताजं मिळतं, कारण ते ताटलीत पडून राहूच शकत नाही. एरवीच्या मंगळवारी मागवलेली खिचडी गोळा होऊन येते आणि दाण्याच्या कुटाला खवट वास असतो. पाचपाखाडीला प्रशांत कॉर्नरला सणाच्या आदल्या दिवशी जाऊ नये असं शहाणी माणसं सांगतात, कारण गर्दी. मी म्हणते, गर्दी आहे म्हणूनच जावं. मिठाईच्या दुकानात ताजेपणाची दुसरी हमी नसते. फक्त गाडी घेऊन जाऊ नये.

तलावपाळीबद्दल फार लिहीत नाही. मासुंदा तलावाच्या काठाने संध्याकाळी भेळ, पाणीपुरी, गोळा, सगळं आहे, गर्दीही आहे. गडकरी रंगायतनचं नाटक सुटल्यावर तिथून एक फेरी मारावी. मध्यंतरातला बटाटावडा ही वेगळीच जात आहे. तो चांगला असतो की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण तो नाटकाच्या पहिल्या अंकावर अवलंबून असतो.

नौपाड्यात मेतकूट नावाचं हॉटेल निघालं, नावाप्रमाणे मराठी घरगुती पदार्थांचं, तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘घरचंच खायला हॉटेलात कशाला पैसे टाकायचे?’ प्रश्न बिनतोड होता. अशी मराठी जेवणाची हॉटेलं आता सगळीकडे आहेत, आणि हा प्रश्न प्रत्येक घरात कुणीतरी विचारतंच. विचारणारा बहुधा स्वयंपाक न करणारा असतो. (सासूबाई अपवाद. त्यांना स्वतःखेरीज कुणाच्या हातचं आवडायचं नाही, एवढंच.) ज्या बाईने वीस-पंचवीस वर्षं रोज भरली वांगी, आमटी, थालीपीठ केलं आहे तिला ते घरचं खाणं वाटतच नाही. तिला तो पदार्थ आयता, गरम, आधी तिच्या ताटात पडलेला असा कधी मिळालेला नसतो. थालीपीठ तव्यावरून थेट ताटात आणि लोणी वितळायच्या आत तोंडात, हे सुख घरात तिच्याशिवाय सगळ्यांनी घेतलेलं आहे. मी अशा ठिकाणी मैत्रिणींबरोबर जाते, कामाच्या दिवशी, बाराच्या सुमाराला, कुणाला सुट्टी नसताना. आणि कुटुंबाबरोबर गेलं की पिझ्झा खाते.

मासळीचं प्रकरण सगळ्यात मोठं. मासळीला घड्याळ पुरत नाही, पंचांग लागतं. स्टेशनला लागून चेंदणी कोळीवाडा आहे, म्हणजे रेल्वेने शेजार मागितला, कोळीवाड्याने नाही. तिथल्या कोळणी सांगतात, चिंबोऱ्या घ्यायच्या तर अमावास्येच्या. तेव्हाच्या भरलेल्या असतात, पौर्णिमेच्या पोकळ निघतात. विज्ञान काय म्हणतं ते म्हणो, माझा अनुभव कोळणीच्या बाजूचा आहे. हॉटेलात चिंबोरीचा रस्सा मागवतानाही मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे एक नजर टाकते.

जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, माशांचा विणीचा हंगाम म्हणून. या काळात मेनूकार्डावर सुरमई, पापलेट, हलवा सगळं जसंच्या तसं छापलेलं असतं, आणि मिळतंही. ते बर्फातलं असतं किंवा लांबून आलेलं. त्या दिवसांत सुरमई मागवून ‘पूर्वीसारखी चव राहिली नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. पावसाळा सुक्याचा. जवळ्याची चटणी, सुक्या बोंबलाचं कालवण, सोडे. ठाण्यात सीकेपी मंडळी पूर्वीपासून आहेत, त्यामुळे सोड्याची खिचडी कशी असावी याबद्दल इथे बोलायला गेलात तर जपून. ती हॉटेलात शोधत बसण्यापेक्षा एखादी सीकेपी मैत्रीण जोडलेली बरी.

मग येते गटारी. त्या आठवड्यात मालवणी हॉटेलांच्या दारात लग्नाला नसते एवढी गर्दी असते. मी फिरकत नाही. आता सांगते ती सूचना धर्मबुडवी आहे, पण खरी आहे. श्रावण उजाडतो, निम्मी गिऱ्हाइकं शाकाहारी होतात आणि गणपती जाईपर्यंत तशीच राहतात. आणि त्याच दिवसांत बंदी उठून, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून बोटी पुन्हा नियमित जायला लागतात. म्हणजे बाजारात मासळी ताजी, आणि हॉटेल रिकामं. ज्यांना श्रावण पाळायचा नाही त्यांनी हे दिवस दवडू नयेत. ज्यांना पाळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजावं.

मालवणी हॉटेलात जायचं ते दुपारी एकला. रात्री नाही. नारळाचं वाटण लावलेला रस्सा पुन्हा पुन्हा गरम केला की फाटतो, वर तेलाचे डोळे आणि खाली चोथा. दुपारी तो एकसंध असतो. कार्डावर काही माशांपुढे किंमत नसते, ‘एपीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे तुकड्याच्या आकाराप्रमाणे. तिथे लाजायचं नाही. तुकडा बघायला मागायचा, भाव विचारायचा, मग हो म्हणायचं. बिल आल्यावर तोंड पाडण्यापेक्षा हे सोपं. बोंबील तळण्याआधी वजनाखाली दाबून त्यातलं पाणी काढतात. हे काम घाईत झालं तर बाहेरचा रवा कडक आणि आत चिखल. नीट झालं असेल तर बोंबील एका टोकाला धरून उचलला की सरळ राहतो, मान टाकत नाही, आणि दातांना मात्र काहीच काम पडत नाही. सोलकढीचा रंग बघावा. आमसुलाचा रंग फिकट, जरा मातकट गुलाबी असतो. राणीकलरची सोलकढी आली तर ती लग्नाला न्यावी, पिऊ नये. आणि ताजी सोलकढी थोडा वेळ ठेवली की नारळाचं दूध वर आणि पाणी खाली होतं. ढवळून पिण्यातच मजा आहे.

यापेक्षाही भरवशाची खूण म्हणजे वेटर. मेनूकार्ड मिटून बाजूला ठेवायचं आणि विचारायचं, ‘दादा, आज काय खाऊ?’ ‘सगळं फ्रेश आहे’ म्हणाला तर मी डाळ-भात मागवते. एकदा एका दादांनी गल्ल्याकडे पाठ फिरवून हळूच सांगितलं, ‘ताई, सुरमई राहू दे, आज मांदेली घ्या.’ सुरमईच्या निम्म्याहून कमी बिल झालं. ते तिथे होते तोवर मी दुसरीकडे मासे खाल्ले नाहीत.

घोडबंदर रोड हा या सगळ्याहून निराळा मामला. ठाण्याचा हा सगळा पट्टा, वागळे इस्टेट, पोखरण रोड, कोलशेत, कारखान्यांचा होता. कॅडबरी नाका हे नाव कारखान्यावरूनच पडलं. कारखान्यांना पाळ्या होत्या तेव्हा चहाच्या टपऱ्यांनाही पाळ्या होत्या. भोंगा झाला की भजी. आता तिथे टॉवर आहेत, आणि टॉवरच्या तळमजल्यावर कॅफे. कॅफेची खासियत अशी की त्याला वेळच नसते. ऑल डे ब्रेकफास्ट. रात्री नऊला ऑम्लेट, सकाळी नऊला पास्ता. चौदा पानी मेनूकार्डात मेक्सिको ते जपान, आणि कधीच काही संपत नाही. जिथे काही संपतच नाही, तिथे फ्रीज फार मोठा असतो, एवढं कुणीही घर चालवणारी बाई सांगेल.

तरीही मी कॅफेंना नावं ठेवणाऱ्यांतली नाही. आमच्या खालच्या कॅफेत सकाळी अकराला जाऊन बघा. शाळेच्या बसमध्ये मुलं चढवून आलेल्या दोघी-तिघी, लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये मान डोलावणारी एक मुलगी, पेपर वाचणारे एक आजोबा. एकटी बाई दोन तास बसली तरी कुणी ‘किती जण?’ विचारत नाही. कॉफीला अडीचशे रुपये म्हणजे डोक्यावरून पाणी, हे खरं. पण ते कॉफीचे नसून खुर्चीचं भाडं आहे असं समजलं की हिशेब जुळतो. शिवाय यांतल्या बऱ्याच ठिकाणी आता चिकमगळूर, कूर्गची कॉफी समोर दळून देतात आणि ती खरंच चांगली असते. खाण्याचं मी फारसं मनावर घेत नाही. टोस्टवर काहीतरी घ्यावं, लांबलचक नावाच्या बोलमध्ये शिरू नये.

घरपोच मागवण्याच्या अ‍ॅपने मात्र वेळेचा पुरता चुथडा केला. रात्री साडेदहाला मिसळ येते. फरसाण वेगळ्या पुडीत, रस्सा वेगळ्या डब्यात, पाव रबरासारखा झालेला. आमच्या सोसायटीतली मुलं ती आनंदाने खातात. खावोत.

रविवारी संध्याकाळी बाहेर जेवायला जाऊ नये. हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत छापून दाराला लावायला तयार आहे. त्या संध्याकाळी अख्खं ठाणं बाहेर असतं. एका नव्याने उघडलेल्या ठिकाणी आम्ही नंबर लावून बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर इतका वेळ बसलो की मुलांनी समोरच्या गाडीवर जाऊन पोटभर चायनीज भेळ खाऊन घेतली. आत गेल्यावर अर्धे पदार्थ एकदम आले, उरलेले विसरले गेले, आणि बिलात दहा टक्के सेवाशुल्क. आपोआप लावलेलं सेवाशुल्क भरायची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तशी मार्गदर्शक सूचना काढली आहे. मी शांतपणे ‘हे काढा’ म्हटलं, मॅनेजरने काढलं, आणि मग ज्या पोराने धावपळ करून पाणी आणून दिलं होतं त्याच्या हातात मी वेगळे पैसे ठेवले. आमच्या ह्यांना यात तत्त्व दिसलं नाही, नुसता उशीर दिसला.

रविवारी खायचंच असेल तर सकाळी. पूर्वेला, कोपरीत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथे वसली आणि त्यांच्याबरोबर डाळ-पकवान आलं. मैद्याचं, जिरं-मिरी घातलेलं, टोचून टोचून तळलेलं मोठं पकवान, आणि शिजूनही दाणा न मोडलेली हरभऱ्याची डाळ. डाळीवर चिंचेची आंबटगोड चटणी, हिरवी चटणी, बारीक चिरलेला कांदा. पश्चिमेच्या लोकांना पूल ओलांडून पूर्वेला यायचं म्हणजे परदेशगमन वाटतं, त्यामुळे नौपाड्यात जन्म काढलेल्या माणसांनीही हे खाल्लेलं नसतं. आठ-साडेआठला पोचावं, तेव्हा पकवानं नुकती निथळत असतात. दहानंतर डाळ घट्ट होते.

खायचं कसं यावर दोन पक्ष आहेत. एक पकवानावर डाळ ओतून घेणाऱ्यांचा, दुसरा तुकडा मोडून डाळीत बुडवणाऱ्यांचा. मी दुसऱ्या पक्षात आहे. पहिल्या पक्षाचे लोक बोलायला लागले की त्यांचं पकवान मऊ पडतं, आणि रविवारी सकाळी माणसं बोलतातच. बुडवणाऱ्याला शेवटचा तुकडाही कडक मिळतो.

आणि हो, पार्सल मिळतं. पण नेऊ नका.